हँडल मारायच्या एक्स्ट्रॅक्टरवर डांबर जास्त का दिसतं?

प्रश्न एका तरुण अभियंत्याचा आहे. हॉट मिक्स प्लांटवरच्या छोट्या लॅबमध्ये त्यांच्याकडे हाताने फिरवायचा सेंट्रिफ्यूज एक्स्ट्रॅक्टर आहे, म्हणजे बाऊलमधला माल द्रावकात भिजवून, गरगर फिरवून त्यातलं डांबर धुऊन काढणारं यंत्र. काम बीसी ग्रेड-२ चं (बिटुमिनस काँक्रीट, रस्त्याचा वरचा डांबरी थर), जॉब मिक्समध्ये, म्हणजे कामासाठी मंजूर झालेल्या मिश्रणात, डांबर ५.४ टक्के. प्लांटच्या पॅनेलवर ५.४ दिसतं, पण यांच्या चाचणीत रोज ५.९ ते ६.० येतं. ठेकेदार विचारतो, "साहेब, डांबर फुकट मिळतं का मला, जास्तीचं ओतायला?" वरिष्ठ म्हणतात, "ते मशीन भंगारात काढा, इग्निशन फर्नेस मागवा." (डांबर धुण्याऐवजी जाळून काढणारी भट्टी.) आता विश्वास कोणावर ठेवायचा, आणि हाताच्या मशीनवर खरंच अचूक चाचणी होते का?

होते. माझी सगळी नोकरी रस्त्याच्या मालाच्या चाचण्या करण्यात गेली आणि त्यातली पहिली बरीच वर्षं हेच हँडल मारण्यात. तुमचं वर्णन वाचून मला मशीनवर संशय येत नाही. संशय येतो तो मशीनच्या तोटीखाली ठेवलेल्या डब्यावर. त्यातलं काळं द्रावण तुम्ही चाचणी झाली की ओतून देत असाल, तर तुमचं अर्ध्या टक्क्याचं जास्तीचं डांबर त्या डब्यातून रोज बाहेर जातं आहे. आणि ते डांबर नाही, दगडाची पूड आहे.

या चाचणीत डांबराचं वजन आपण कधीच करत नाही. माल तोलतो, धुतो, उरलेली खडी तोलतो आणि जे कमी झालं त्याला डांबर म्हणतो. म्हणजे या वहीत जे जे हरवेल ते डांबराच्या खात्यावर जमा होतं. कागदातून निसटलेली पूड डांबर, मालातलं पाणी डांबर, ट्रेमधून सांडलेली चिमूटभर चुरी डांबर. उलट खडीवर जे चिकटून राहील ते सगळं दगड. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या चुका आपण होऊन सापडतात.

आकड्यांत बघू. समजा तुम्ही १४८०.० ग्रॅम माल घेतला. धुऊन, वाळवून बाऊलमधली खडी भरली १३८८.० ग्रॅम. फिल्टर पेपरचं वजन चाचणीनंतर ३.३ ग्रॅमने वाढलं. आणि द्रावणातून जी बारीक पूड परत मिळवली ती ८.८ ग्रॅम. तिन्हींची बेरीज १४००.१. वजाबाकी ७९.९ ग्रॅम, म्हणजे ५.४० टक्के. आता द्रावणातली पूड धरली नाही तर वजाबाकी ८८.७ होते आणि उत्तर ५.९९ येतं. पेपरचं वाढलेलं वजनही विसरलात तर ६.२२. तोच माल, तेच मशीन, तोच माणूस. मोर्थच्या (केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या) तपशिलात डांबराला अधिक-उणे ०.३ ची मुभा आहे, आणि फक्त डबा ओतून दिल्यामुळे तुम्ही तिच्या दुपटीने बाहेर पडता.

पूड निसटते कारण फिल्टर पेपर ही काही पोलादी भिंत नाही. बाऊल आणि झाकण यांच्या कडांमध्ये तो दाबून बसवलेला असतो, बाऊल फिरला की द्रावण त्या कडेतून बाहेर फेकलं जातं आणि पाच-दहा मायक्रॉनची धूळ त्याच्याबरोबर जाते. बीसी ग्रेड-२ मध्ये ७५ मायक्रॉनखालचा माल ४ ते १० टक्के असतो. त्यातला दहावा हिस्सा निसटला तरी वरचा हिशेब जुळतो. चांगल्या मशीनवरही काहीतरी निसटतंच. म्हणून पद्धतीच्या सूत्रात ती पूड परत मोजायला सांगितली आहे. सूत्रात जागा आहे, पण आपल्याकडच्या कित्येक रजिस्टरांत त्या रकान्यात वर्षानुवर्षं शून्य लिहिलेलं असतं. तुमचंही रजिस्टर एकदा उघडून बघा.

ती परत मोजायची कशी? दुसरा सेंट्रिफ्यूज, बारीक नळ्यांचा, असेल तर उत्तमच. प्लांटवर तो नसतो. मग दोन वाटा उरतात.

पहिली जाळण्याची. सगळ्या धुण्यांचं द्रावण एका भांड्यात एकत्र करायचं, एकूण किती मिलिलिटर झालं ते मोजायचं, जोरात ढवळून पूड तळाशी बसायच्या आत त्यातलं १०० मिलिलिटर काढायचं. त्यातला द्रावक उडवून, मग मफल भट्टीत ५०० ते ६०० अंशांवर जाळून राख तोलायची. पण जाळताना चुन्याच्या अंशातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. तो परत देण्यासाठी राखेच्या दर ग्रॅममागे ५ मिलिलिटर या मापाने अमोनियम कार्बोनेटचं संपृक्त द्रावण घालायचं, तासभर मुरू द्यायचं, १०० अंशांवर वाळवायचं आणि मग तोलायचं. वरच्या उदाहरणात एकूण द्रावण २२०० मिलिलिटर होतं असं धरलं आणि १०० मिलिलिटरमध्ये ०.४० ग्रॅम राख मिळाली, तर बावीस पट म्हणजे ८.८ ग्रॅम. ०.४० ग्रॅमला २२ ने गुणायचं आहे हे विसरू नका. इथे तराजू मिलिग्रॅमचा हवा, प्लांटवरचा ०.१ ग्रॅमचा चालणार नाही. आणि द्रावक म्हणून पेट्रोल असेल तर ते उडवण्याचं काम केबिनमध्ये, शेगडीवर अजिबात करायचं नाही.

दुसरी वाट गरिबाची आहे आणि मी ती जास्त वापरली. द्रावण उंच बरणीत झाकून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी वरचं अलगद ओतून घ्यायचं, तळाचा गाळ ताज्या द्रावकाने दोन-तीनदा धुऊन, वाळवून तोलायचा. यात घाई चालत नाही. पाच मायक्रॉनचा कण ट्रायक्लोरोइथिलीनसारख्या स्वच्छ द्रावकातही वीतभर खाली यायला दोनेक तास घेतो, एक मायक्रॉनचा जवळपास दोन दिवस. तुमच्या द्रावणात डांबर विरघळलेलं आहे, म्हणजे ते त्याहून दाट. रात्रभरात सगळं बसत नाही, बहुतेक बसतं. त्या बहुतेकानेही ६.० चं ५.५ होताना दिसेल आणि पुढची चर्चा शांतपणे होईल.

पूड हा पहिला संशयित. दुसरा पाणी.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. घाटातलं काम, जूनचा पहिला पाऊस होऊन गेलेला, प्लांट ड्रम प्रकारचा, आणि क्रशरच्या डस्टचा ढीग उघड्यावर. माझ्या चाचणीत डांबर जॉब मिक्सपेक्षा ०.७ ने जास्त आलं. मी दुपारीच माल नाकारल्याचं पत्र लिहून ठेवलं, सहीसकट. आमच्या लॅबमध्ये एक जुने अटेंडंट होते, सगळे त्यांना मामा म्हणत. मामांनी काही न बोलता त्याच सँपलचा किलोभर तुकडा ट्रेमध्ये फोडून पसरला आणि ११० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवला. सकाळी तो सहा ग्रॅम हलका झाला होता. किलोत सहा ग्रॅम, म्हणजे माझ्या ०.७ पैकी ०.६ नुसतं पाणी. पत्र फाडलं. ठेकेदाराला ते कधी कळलं नाही, आणि मामांनी ते कोणाला सांगितलंही नाही.

दीडशे अंशांच्या मालात पाणी कसं राहील, असं तुम्हाला वाटेल. डस्टच्या कणांच्या आत आणि खडीच्या छिद्रांत ते राहतं. ड्रममध्ये माल मोजकीच मिनिटं असतो, ओली डस्ट तेवढ्यात पूर्ण वाळत नाही. पावसाच्या आसपास काम असेल तर चाचणीच्या सँपलबरोबर त्याच मालाचं वेगळं किलोभर सँपल वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि जेवढं पाणी निघेल तेवढं मुख्य सँपलच्या वजनातून आधी वजा करा. फिल्टर पेपरही हवेतलं पाणी पितो. कोकणात किंवा पावसाळ्यात कुठेही दहा ग्रॅमचा कागद ग्रॅमभर इकडे-तिकडे सहज होतो. चाचणीआधी ओव्हनमध्ये वाळवून, झाकून थंड करून तोलायचा, आणि चाचणीनंतरही अगदी तसंच. आधी हवेतला आणि नंतर ओव्हनमधला तोलला तर वाढीऐवजी घट येते. असं उणे वजन लिहिलेलं रजिस्टर मी स्वतः पाहिलं आहे, सही-शिक्क्यासह.

आता सँपल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण यंत्राबद्दल वाद घालणारे लोक सँपलबद्दल एक शब्द बोलत नाहीत.

पुष्कळ लॅबमध्ये ५०० ग्रॅम घ्यायची जुनी सवय आहे. लवकर धुतलं जातं, द्रावक कमी लागतो. पण १९ मिलिमीटरचा काळ्या दगडाचा एक खडा साधारण दहा ग्रॅमचा असतो, २६.५ चा सत्तावीस ग्रॅमचा. डीबीएमच्या (खालच्या, मोठ्या खडीच्या डांबरी थराच्या) ५०० ग्रॅम सँपलमध्ये तो एक खडा आला की नाही, यावर तुमचं पाच टक्के वजन इकडचं तिकडे जातं. मोठ्या खड्यावर डांबर नावापुरतं असतं. डांबर धरून ठेवते ती चुरी, कारण पृष्ठभाग तिचाच जास्त. म्हणून खडी जास्त आलेल्या सँपलमध्ये डांबर कमी दिसतं, चुरी जास्त आलेल्यात जास्त. प्लांटने दोन्ही वेळी तेवढंच घातलेलं असतं. एएसटीएमच्या (अमेरिकन मानक संस्थेच्या) डी २१७२ या पद्धतीत यासाठी दगडाच्या आकाराप्रमाणे सँपल सांगितलं आहे: १२.५ मिलिमीटरच्या मालाला किमान दीड किलो, १९ ला दोन, २५ ला तीन. बीसी ग्रेड-२ ला तुमचा १५०० ग्रॅमचा बाऊल एकदा भरला की काम भागतं. डीबीएमला दोन-तीनदा भरावा लागेल. हँडल मारणाऱ्याचा हात दुखेल, त्याला चहा पाजा.

सँपल हायवामधून (डंपरमधून) घेत असाल तर ढिगाच्या पायथ्याचं घेऊ नका, तिथे मोठी खडी घरंगळून जमा होते. वरचा थर बाजूला करून, तीन वेगळ्या जागी, वीतभर आतलं घ्या. मग गरम असतानाच ट्रेमध्ये चांगलं कालवून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन टाका, आणि हवं तेवढं वजन होईपर्यंत हेच करा. फावड्याने वरून थोडं काढून "झालं बरोबर १५०० ग्रॅम" म्हणून थांबायचं नाही. नेमका आकडा गाठायला शेवटी चमच्याने चुरी घालणारे असतात, ते सँपल तिथेच बिघडतं. वजन १५१२ आलं तर १५१२ लिहा. हिशेब टक्क्यांत आहे, गोल आकड्याला बक्षीस नाही. चमच्याला, ट्रेला चिकटलेली काळी चुरी खरवडून सँपलमध्ये घ्या, सगळ्यात जास्त डांबर तिच्यातच आहे.

आणि यावरूनच एक नियम मी स्वतःला घालून घेतला होता: ग्रेडेशन, म्हणजे चाळून काढलेलं खडीच्या आकारांचं प्रमाण, पाहिल्याशिवाय डांबराच्या आकड्यावर मत द्यायचं नाही. २.३६ मिलिमीटरच्या चाळणीखालचा माल जॉब मिक्सपेक्षा पाच टक्के जास्त आणि डांबरही जास्त, तर आधी सँपल संशयास्पद. ग्रेडेशन तंतोतंत आणि डांबर एकटंच जास्त, तर पूड, पाणी किंवा खरोखरचं डांबर.

द्रावकाबद्दल. पुस्तकात बेन्झिन, ट्रायक्लोरोइथिलीन वगैरे आहे, प्लांटवर पेट्रोल आहे. बेन्झिन आणि ट्रायक्लोरो दोन्ही माणसाला कर्करोग करतात हे आता वादातीत आहे, त्यामुळे बेन्झिन कोणी सुचवलं तरी घेऊ नका. ट्रायक्लोरो वापरायचंच असेल तर उघड्या हवेशीर जागी, योग्य हातमोजे घालून. ते सहज पेटत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात, पण त्याची वाफ ज्योतीवर गेली की फॉस्जीनसारखे विषारी वायू तयार होतात. म्हणून शेजारी शेगडी नको आणि बिडीही नको. पुन्हा पुन्हा गाळून वापरलेलं ट्रायक्लोरो आंबट होतं आणि अॅल्युमिनियमचा बाऊल खायला लागतं. वापरलेला द्रावक नाल्यात नाही, झाकणबंद पिंपात, घातक कचरा म्हणून.

पेट्रोल स्वस्त आणि हाताशी, पण डांबरातला अॅस्फाल्टीन हा जड भाग पेट्रोलच्या हलक्या घटकांत विरघळत नाही. पेट्रोलमध्ये थोडे अरोमॅटिक घटक असतात म्हणून काम निभतं, इतकंच. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉलचा डांबर विरघळवायला उपयोग शून्य. धुणी जास्त करावी लागतील. खडीवर तपकिरी डाग राहिले तर चाचणी पूर्ण झालेली नाही, मग तोटीतून येणारं द्रावण कितीही फिकट दिसो. पॉलिमरवालं डांबर असेल तर पेट्रोलचा नादच सोडा. डिझेल किंवा रॉकेल तर मुळीच नको, ते वाळत नाही, खडीत राहतं आणि डांबर कमी दाखवतं.

गरम मालावर पेट्रोल ओतू नका. हे लिहावं लागतं याचं वाईट वाटतं, पण एका साइटवर ओव्हनमधून काढलेल्या ट्रेवर थेट पेट्रोल ओतताना भडका उडालेला मी पाहिला आहे. मुलाच्या भुवया गेल्या, डोळे वाचले. माल मोकळा करण्यापुरता ११० अंशांवर गरम करायचा, हाताला थंड लागेपर्यंत थांबायचं, मग बाऊलमध्ये घालून द्रावकात बुडवायचा. भिजायला अर्धा तास ठीक, तासाच्या वर नको.

हाताच्या मशीनचा मोठा फायदा इथेच आहे, जो तुमच्या वरिष्ठांच्या लक्षात आलेला दिसत नाही. त्यात मोटर नाही, म्हणजे मोटरची ठिणगी नाही. जुन्या, साध्या मोटरच्या एक्स्ट्रॅक्टरमध्ये पेट्रोल वापरण्यापेक्षा मी हँडल मारीन. लोड शेडिंगचा प्रश्न नाही, जनरेटर लागत नाही.

मशीन किती वेगाने फिरवायचं, हा प्रश्न हमखास येतो. पुस्तकात मिनिटाला ३६०० फेऱ्यांपर्यंत असं असतं. हँडलच्या एका फेरीला बाऊल किती वेळा फिरतो ते मोजा: झाकणाला खडूची खूण करा, हँडल अगदी हळू एक पूर्ण फेरी फिरवा, खूण किती वेळा समोरून गेली ते बघा. समजा तीस वेळा, तर मिनिटाला ऐंशी फेऱ्यांनी बाऊल २४०० वर जातो. द्रावण बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून निम्म्या वेगाला जोर पाव. पण बाऊलमध्ये काही खडी पिळायची नसते, द्रावण कागदातून बाहेर जायला पुरेसा जोर मिळाला की झालं. कमी वेगाला वेळ जास्त लागतो, डांबर बदलत नाही. खरं महत्त्व सुरुवातीला आहे. पहिल्या अर्ध्या मिनिटात झटका दिला तर बाऊलमधला सगळा लगदा कडेला आदळतो, पेपर सरकतो किंवा फाटतो, आणि पुढची सगळी मेहनत पाण्यात. हळू सुरू करा, धार लागू द्या, मग वाढवा. तोटीतून थेंब थांबले की थांबा, २०० मिलिलिटर ताजा द्रावक, पुन्हा. किमान तीन वेळा, आणि द्रावण गवताच्या काडीसारखं फिकट होईपर्यंत.

मशीन विकत घेताना किंवा जुनं तपासताना मी गिअरबॉक्सकडे शेवटी बघतो. आधी बाऊलची कड. त्या कडेवर बोट फिरवा. खाच, वाकलेपणा, खड्ड्यासारखं काही लागलं तर तिथे पेपर दाबला जात नाही आणि पूड पेपरमधून नव्हे, पेपरखालून जाते. बाऊल खाली पडला, स्क्रू ड्रायव्हरने झाकण उचकटलं, की कड जाते. वरचा नट हाताने घट्ट इतकाच पुरे, पान्याने आवळला तर पेपर कापला जातो. वापरलेला पेपर काढल्यावर त्याच्याकडे बघायची सवय लावा: सगळीकडे सारखा करडा असेल तर ठीक, एखाद्या जागी स्वच्छ पट्टा दिसला तर गळती तिथे आहे.

आणि एक चाचणी जी कोणी करत नाही, म्हणून तुम्ही करा. डांबर नसलेला माल घ्या. त्याच प्लांटची कोरडी खडी, चुरी, फिलर (बारीक पूड), जॉब मिक्सच्या प्रमाणात, दीड किलो, ओव्हनमध्ये वाळवलेली. ती बाऊलमध्ये घालून नेहमीसारखीच धुवा, तीन-चार वेळा. उत्तर शून्य टक्के डांबर यायला हवं. जेवढं येईल ती तुमच्या मशीनची, पेपरची आणि हाताची गळती. दुसऱ्या दिवशी तशाच ताज्या मालात मोजून ५.४ टक्के डांबर लॅबमध्येच कालवा आणि पुन्हा करा. या दोन चाचण्यांना एक दिवस आणि थोडा द्रावक लागतो, पण नंतर ठेकेदारासमोर तुम्ही "मशीन असं म्हणतं" याऐवजी "या मशीनची गळती इतकी आहे, ती धरून हा आकडा" असं म्हणू शकता. ज्या लॅबमध्ये हे कागदावर असतं तिथे वाद चढत नाही, असा माझा अनुभव आहे.

चाळणीबद्दल फार नाही, एकच गोष्ट. धुतलेल्या खडीची ग्रेडेशन करताना पेपरवरची ३.३ आणि द्रावणातली ८.८ ग्रॅम पूड ७५ मायक्रॉनखालच्या मालात मिळवा. वरच्या उदाहरणात समजा तळाच्या थाळीत ७२.० ग्रॅम आले. नुसते धरले तर १३८८ पैकी ५.२ टक्के. पूड मिळवली तर १४००.१ पैकी ८४.१, म्हणजे ६.० टक्के. त्या चाळणीला मुभा अधिक-उणे १.५ ची आहे, त्यातली निम्मी तुम्ही उगाच खर्च केली. आणि ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर माल पाण्याने धुऊन चाळायचा, बोटाने घासून नाही. बोटाने जाळी ताणली की ती चाळणी गेली, दिसायला मात्र नवीच दिसते.

आता फर्नेस. वाईट नाही. ५३८ अंशांवर डांबर जळून जातं, द्रावक नाही, वास कमी, माणूस मोकळा. पण तीही वजाबाकीच करते, फक्त आगीने. तिच्यातही जे उडेल ते डांबर. मालात २ टक्के हायड्रेटेड लाइम असेल तर त्या तापमानाला लाइममधलं पाणी उडतं. लाइमच्या वजनाचा जवळपास चौथा हिस्सा म्हणजे मालाचा अर्धा टक्का. आपल्या काळ्या दगडात झिओलाइटचे पांढरे खडे किंवा कुजलेला भाग असेल तर त्यातलंही पाणी जातं. म्हणून प्रत्येक जॉब मिक्सला फर्नेसचा वेगळा सुधार गुणांक काढावा लागतो, माहीत असलेलं डांबर घालून. तो न काढता फर्नेस लावली तर तुमचं ६.० तसंच राहील, फक्त महाग होईल. शिवाय तिला दणकट वीज लागते आणि सँपलमधलं पाणी तिथेही आधी काढावंच लागतं. मोठं, वर्षानुवर्षं चालणारं काम असेल तर घ्या. सहा महिन्यांच्या कामाला तेवढ्या पैशात ०.१ ग्रॅमचा चांगला तराजू, नवा बाऊल, पेपरचे गठ्ठे आणि नव्या चाळण्यांचा पूर्ण संच येऊन पैसे उरतील.

ठेकेदाराच्या प्रश्नाचं उत्तरही देणं भाग आहे. जास्तीचं डांबर कोणी मुद्दाम घालत नाही हे खरं, पण न कळत घालतात. ड्रम प्लांटमध्ये पट्ट्यावर खडी ओलीच तोलली जाते. पॅनेलमध्ये ओलाव्याचा आकडा भरलेला नसेल तर प्लांट पाण्यालाही दगड समजतो आणि त्याच्याही वाट्याचं डांबर सोडतो. खडीत ४ टक्के ओलावा असेल तर पॅनेलवर ५.४ दिसत असताना मालात ५.६ जातं. उलटही होतं: टाकीत काठी घालून डांबर लिटरमध्ये मोजायचं आणि लिटरला किलो धरायचं. १६० अंशांवर डांबराचं एक लिटर साधारण ०.९४ किलोच असतं, तेव्हा कागदावरचं ५.४ प्रत्यक्षात ५.१ च्या आसपास. त्यामुळे पॅनेलचा आकडा हा पुरावा नाही, तो दुसरा साक्षीदार आहे आणि त्याचीही उलटतपासणी करायची.

आणखी एक. ५.४ टक्के हे एकूण मालाचे की खडीचे, हे दोघांनी आधी ठरवून घ्या. मालाच्या ५.४ टक्के म्हणजे खडीच्या ५.७. मोर्थमध्ये हिशेब एकूण मालावर आहे. तरीही जुने ऑपरेटर खडीवर बोलतात, आणि अशा तीन दशांशांच्या भांडणात आठवडा गेलेला मी पाहिला आहे. तसंच तपशिलातलं किमान डांबर २.७ विशिष्ट गुरुत्वाच्या खडीला धरून आहे. आपला काळा दगड बऱ्याच ठिकाणी त्याहून जड असतो, आणि जड खडीला ते त्या प्रमाणात कमी करता येतं. २.८५ ला ५.४ चं ५.१ होतं. ते जॉब मिक्स मंजूर करतानाच व्हायला हवं, चाचणी नापास झाल्यावर नाही.

तुम्ही उद्या सकाळी एवढंच करा. पहिल्या हायवाचं सँपल घ्या, दोन भाग करा, एक ओव्हनमध्ये पाण्यासाठी, एक बाऊलमध्ये. द्रावण ओतू नका, बरणीवर तारीख आणि हायवाचा नंबर लिहून कपाटात ठेवा. परवा सकाळी तळ बघा. तिथे करडा गाळ बसलेला दिसला, तर तो वाळवून तोलायच्या आधी वरिष्ठांना आणि ठेकेदाराला एकदा बोलावून दाखवा.